गव्हाणीतलं पिंजर: आगमनकाळात मुलांना चांगल्या कामाची गोडी कशी लावता?

सुगंधा_शाहूपुरी | १९ नोव्हेंबर २०२४

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहायला बसलेय.

आम्ही कोल्हापूरचे, शाहूपुरीत राहतो. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाच. डिसेंबर लागला की आमच्या घरात कुणाला बसायला फुरसत नसते. माळ्यावरची भांडी खाली येतात, करंज्या-शंकरपाळ्यांचं तळण सुरू होतं, गॅलरीत चांदणी लागते, संध्याकाळी चर्चमध्ये गाण्यांची तालीम. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण गेल्या वर्षी २३ तारखेला जे झालं ते अजून मनातून जात नाही. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी त्या दिवशी लेकीला सोबत घेऊन आल्या होत्या. पोरगी गारठली होती. थोरल्याचा एक जुना स्वेटर कपाटात पडून होता, त्याच्या बाह्या त्याला पुरत नव्हत्या. मी तो तिच्या अंगात घालायला गेले, तर याने माझ्या हातातून ओढून घेतला. "माझा आहे तो!" मावशी म्हणाल्या, "राहू दे ताई, सवय आहे तिला." ती पोर खाली फरशीकडे बघत बसली.

मी त्याला रागावले. रात्री पडल्या पडल्या विचार केला तेव्हा लक्षात आलं, महिनाभर घरातल्या प्रत्येकाने त्याला एकच विचारलं होतं, नाताळला तुला काय पाहिजे? आजीने, आत्याने, मीसुद्धा.

यंदा १ डिसेंबरलाच आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट बघायच्या आठवड्यांचा, पहिला रविवार येतोय, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत मोजून चोवीस दिवस. युरोपातल्या कॅथलिक घरांतली एक जुनी रीत मला भावली. आधी रिकामी गव्हाणी मांडायची, मुलांनी काही चांगलं केलं की तिच्यात गवताची एक काडी टाकायची आणि नाताळच्या रात्री बाळ येशूला त्या अंथरुणावर निजवायचं. मी आंब्याची एक लाकडी पेटी धुऊन उन्हात वाळवलीय. पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, भाऊ गावाकडून आणणार आहे, भाताची मळणी नुकतीच झालीय.

पण या वयाच्या मुलांना कसली कामं सांगावीत? घरचं रोजचं काम यात धरायचं का? दोघांत चढाओढ लागली तर? ज्यांनी आपल्या घरी असं काही केलंय त्यांनी लिहा. जे जमलं नाही तेही लिहा.

पाळकांची_लेक | १९ नोव्हेंबर

सुगंधाताई, पेटी वाळवलीत म्हणजे निम्मं झालं!

आमच्या घरी आगमनकाळ हा शब्द वडिलांच्या प्रवचनातच असायचा, बाकी सगळी फराळाची गडबड. त्यामुळे मला तो मोठेपणी कळला. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा दिवस असतो. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो, म्हणून सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमध्ये कुठेही येते. वेदीवर जांभळं वस्त्र असतं, कारण हा वाट बघायचा आणि मन झाडून-लोटून घ्यायचा काळ. आनंदाचा पांढरा रंग नाताळपासून.

मुलांना मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्ट सांगा. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या धर्मसेवकाने १८३३ मध्ये गरीब, निराधार मुलांसाठी घर काढलं. ती मुलं त्याला रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ मध्ये त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र दिसतं ते त्याच्यावरूनच आलंय. ज्यांची वाट बघणारं घरी कुणी नव्हतं अशा मुलांना वाट बघायला शिकवण्यासाठी ते चाक होतं. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग त्यांना नाताळला भेटायला कोण आलं?" मला उत्तर देता आलं नाही.

कामं कसली, या तुमच्या प्रश्नाला मी लूकचा तिसरा अध्याय उघडेन. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला नाही त्याला एक द्यावा. (तुमच्या स्वेटरची गोष्ट वाचताना मला हेच आठवलं.) जकातदारांना सांगतो, ठरलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला धाक दाखवून लुबाडू नका. कुणालाही त्याने लांब जाऊन मोठं काही करायला सांगितलं नाही. रोज जिथे उठता-बसता तिथलंच नीट करा म्हणाला. मुलांचंही तसंच ठेवा. स्वतःचं ताट उचललं तर ते काम झालं. आजीचं ताट न सांगता उचललं तर काडी टाकू द्या.

आणि ६ डिसेंबरला संत निकोलस. तीन मुलींच्या गरीब बापाच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोनं टाकलं अशी कथा आहे. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येकाने एक काम असं करायचं की कुणी केलं ते कुणालाच कळता कामा नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन मुलांना त्या एका दिवशी जितकं कळतं तितकं वर्षभर पाठ करून कळत नाही.

जुना_बुधवार | २० नोव्हेंबर

आम्ही हिंदू आहोत, पण धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही करताय त्याला आमच्या घरात नेम म्हणतात.

आई चातुर्मासात दरवर्षी एखादा नेम धरायची. एका वर्षी तिचा नेम असा होता: आपण जेवायला बसायच्या आधी गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या काकींच्या दारात जायचं आणि "जेवलात का?" एवढं विचारून यायचं. पावसात गुडघाभर पाणी असलं तरी जायची. मी तिच्या पदराला धरून असायचो. कधी काकी म्हणायच्या जेवले, कधी म्हणायच्या भाकरी आहे, कोरड्यास नाही. मग आई वाटीभर आमटी नेऊन द्यायची. चार महिने झाले तरी ती जातच राहिली. काकी गेल्या तेव्हाच थांबली.

सांगायचं म्हणजे मुलांना रोज नवीन सत्कृत्य हुडकायला लावू नका, ती दमतील. महिनाभर एकाच माणसाचा नेम धरू द्या. आमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार याच दिवसांत येतात. माझ्या नातीला यंदा असाच एक नेम सांगणार आहे.

फळा_खडू | २१ नोव्हेंबर

मी प्राथमिक शाळेत २२ वर्षं शिकवतेय. ताई, कल्पना सुंदर आहे. एका गोष्टीला मात्र जपा.

पूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे वर्गात सत्कर्मांचा तक्ता लावायचा ठरलं. काम केलं की चमकी चांदणी, दहा चांदण्यांना कंपासपेटी. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गातला एक मुलगा मैत्रिणीची पाण्याची बाटली लपवायचा आणि मग "मी शोधून दिली" म्हणून चांदणी मागायचा. तो खोटारडा नव्हता. आम्ही त्याला जे मिळवायला लावलं तेच तो मिळवत होता. तक्ता काढल्यावर महिनाभर वर्गात कुणी पडलेला खडूसुद्धा उचलला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

नंतर वाचलं तर यावर अभ्यासही झालेले आहेत. अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढल्यावर बक्षीस मिळेल, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या निम्मा वेळच चित्रांकडे वळली. २००८ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २० महिन्यांच्या बाळांवर पाहिलं, की पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल ज्यांना खेळणं दिलं ती पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिलं नाही ती करत राहिली. मदत करायची ओढ लेकराला उपजतच असते, ती आपण विकत घ्यायला गेलो की आटते.

तेव्हा पिंजर चालेल, पिंजराची मोजदाद नको. काड्या कुणाच्या किती ते कुणी विचारायचं नाही. पेटी दोघांची मिळून एकच. आणि मोठ्या माणसांनीही त्यात काडी टाकायची, नाहीतर मुलांना वाटतं चांगलं वागणं हा लहानपणीचाच अभ्यास आहे, मोठं झालं की सुटला!

सुगंधा_शाहूपुरी | २१ नोव्हेंबर

मोठ्यांनीही टाकायची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मी भावाला फोन करतो." दोन वर्षं बोलणं बंद आहे त्यांचं. बघू.

शिरोळचा_ऊस | २३ नोव्हेंबर

ताई, मी शिरोळकडचा शेतकरी. लिहायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घ्या.

तुमचा हा चोवीस दिवसांचा काळ म्हणजे आमच्याकडं ऐन ऊसतोडीचा. बीड, जालन्याकडनं टोळ्या आल्यात. नवराबायकोचा एक कोयता. पहाटं अंधारात फडात शिरत्यात. तान्हं लेकरू पाचटावर झोळीत, जरा मोठं असलं की ते धाकट्याला सांभाळणार. शेताच्या कडंला कागद न् बांबूच्या खोप्या. थंडी तर तुमास्नी ठावं हाय, नदीकाठाला पहाटं दात वाजत्यात. त्यांच्या पोरांसाठी साखरशाळा काही ठिकाणी हायत, सगळीकडं न्हाईत.

माझी दोन पोरं हायत, सातवी न् चौथी. गेल्या साली मी त्यास्नी एकच काम दिलं. संध्याकाळी उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं जात्यात, मागं दिवा न्हाई. अंधारात मागनं मोटरसायकल येऊन धडकती. आमच्या गावात असा एक पोरगा गेला. म्हणून मी लाल रेडियमचा रोल आणला. पोरं रोज शाळा सुटली की फडावर जायची, गाडीच्या मागच्या फळीवरची धूळ फडक्यानं पुसायची, रेडियमची पट्टी चिकटवायची. धूळ पुसली न्हाई तर पट्टी धरत न्हाई, हे माझ्या धाकटीनं मला शिकवलं. बैलाच्या शिंगाला पण लावली. लय गाड्या झाल्या.

त्याच्यातनं काय झालं, तर गाडीवाल्यांच्या पोरांशी यांची वळख झाली. धाकटी आपली जुनी पुस्तकं घेऊन जायची न् दोघी-तिघी खोपीत बसून चित्रं बघायच्या. मी सांगितलं नव्हतं. मार्चात टोळी परत गेली तवा पोरगी लय रडली. यंदा तीच टोळी आलीया. पहिल्याच दिवशी पळत गेली.

पाळकांची_लेक | २३ नोव्हेंबर

दादा, किती छान लिहिलंत. तुमच्या खोप्यांचं वाचताना "उतारशाळेत त्यांना जागा नव्हती" ही ओळ आठवली. मरिया आणि योसेफही घर सोडून आलेले, दिवस भरलेले, आणि मिळाली काय तर गव्हाणी. यंदा संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगताना मी उसाच्या फडावरूनच सुरुवात करणार आहे.

राजारामपुरीकर | २४ नोव्हेंबर

एक सोपा मार्ग सुचवतो. आम्ही दरवर्षी नाताळच्या आठवड्यात मुलांना घेऊन एका अनाथाश्रमात जातो. मुलांच्या हातून केक आणि बिस्किटं वाटतो. मुलांना आपल्याकडे काय आहे त्याची जाणीव होते. तुम्हीही करून बघा.

वसतिगृहातला | २५ नोव्हेंबर

राजारामपुरीकर, तुम्ही मनाने चांगलंच करताय, म्हणून राग मानू नका. मी दुसऱ्या बाजूने सांगतो. सहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत मी एका बालगृहात वाढलो. नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी मला माणसात आणलं.

डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस आमच्याकडे रोज गाडी यायची, कधी दोन-दोन. आम्हाला ओळीत बसवायचे. आम्ही एक गाणं म्हणायचो, नेहमी तेच. मग हात पुढे. माझ्याच वयाचा एखादा मुलगा इस्त्रीच्या शर्टात समोर यायचा, त्याच्या आईने त्याचं कोपर धरलेलं असायचं. तो पुडा माझ्या हातात ठेवायचा. "इकडे बघा, हसा." फोटो. त्या मुलाला माझ्याकडे बघायला लाज वाटायची आणि मला त्याच्याकडे. मला त्याच्याशी बोलायचं असायचं, त्याच्या बुटांना दिवे लागायचे ते कसे लागतात ते विचारायचं असायचं. तेवढ्यात पुढचा मुलगा. सहा दिवसांत पाच केक खाऊन आमची पोटं बिघडायची. २ जानेवारीला अंगणात कुणी नसायचं, आणि फेब्रुवारीत साबण संपला की संपला.

एक माणूस मात्र वेगळा होता. म्हातारे शिंपी होते, दुकान मुलाकडे सोपवलेलं. महिन्यातून एका शनिवारी यायचे. खाऊ आणायचे नाहीत. व्हरांड्यात पोतं अंथरून बसायचे. समोर सुया, दोरे, बटणांचा डबा. आम्ही फाटकी दप्तरं, तुटलेली बटणं घेऊन रांग लावायचो. ते शिवता शिवता नाव विचारायचे आणि पुढच्या महिन्यात ते त्यांच्या लक्षात असायचं. मी आठ वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातात सुई दिली. चार भोकांचं बटण कसं लावायचं, दोरा खालून वर काढून शेवटी बटणाखाली तीन वेढे कसे द्यायचे, ते दाखवलं. माझ्या दोन्ही मुलींना मी तसंच शिकवलंय. त्यांनी आम्हाला काही दान दिलं असं मला कधी वाटलंच नाही. ते आमच्याकडे यायचे.

मुलांना न्यायचंच असेल तर गर्दीचे दिवस सोडून न्या. आधी फोन करून काय लागतं ते विचारा. पुन्हा पुन्हा जाणं जमणार असेल तरच जा. तिथल्या मुलांनाही तुमच्या मुलांना काहीतरी शिकवू द्या. मी भोवरा फार चांगला फिरवायचो, मला कुणी कधी विचारलं नाही.

फळा_खडू | २५ नोव्हेंबर

दोनदा वाचलं. आमच्या शाळेची सहल अशीच एका ठिकाणी गेली होती, ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

फोटोबद्दल एक जोडते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. मोबाईल घरी ठेवून जावं हे उत्तम.

राजारामपुरीकर | २६ नोव्हेंबर

राग मुळीच नाही. माझ्या मोबाईलमध्ये तसे फोटो आहेत. काल रात्री उघडून बघितले. माझा मुलगा खरंच कुणाकडे बघत नाहीये. काढून टाकले सगळे.

पण मनात एक शंका आहे. आम्ही गेलोच नाही तर मुलांना कळणार कसं की जगात असंही आहे? शेजाऱ्याचं ताट उचलून तेवढी जाणीव येईल?

वसतिगृहातला | २६ नोव्हेंबर

प्रश्न बरोबर आहे. जाऊच नका असं मी म्हणत नाही. तुमच्या मुलाला तिथल्या एका मुलाचं नाव माहीत झालं तर बाकीची जाणीव त्याची त्याला होईल. २०१९ चा महापूर आठवा. शिरोळकडची माणसं, जनावरं आपल्या शहरातल्या शाळांत, मंगल कार्यालयांत आली होती. माझ्या मुलीने तेव्हा एका आजींची वेणी रोज घातली. तिला दान, मदत, जाणीव यातलं काही कळत नव्हतं. त्या आजींचं नाव अजून सांगते.

सुगंधा_शाहूपुरी | ९ डिसेंबर

पहिला आठवडा झाला. जसं झालं तसं लिहिते.

सुरुवातीचे तीन दिवस थोरला काड्याच मोजत होता, फळा_खडू ताईंनी लिहिलं होतं तस्संच. "मी आज सात केली." मी ऐकलं न ऐकलं केलं. बुधवारी सकाळी कचऱ्याचा टिपर आला तेव्हा मी त्यालाच पिशवी घेऊन खाली पाठवलं. वर आला तो विचारतच, "आई, त्या दादांच्या बोटाला चिंधी होती. मी विचारलं काय झालं. म्हणाले, काच लागली, कुणीतरी पिशवीत तशीच टाकते." आदल्या आठवड्यात लोणच्याची बरणी फुटली होती. काचा मी केरात भरून पिशवीत टाकल्या होत्या. आमचीच काच होती की दुसऱ्या कुणाची, कळायला मार्ग नाही. मी त्याला ते सांगितलं. सांगताना माझा घसा दाटून आला.

त्या दिवसापासून त्याने गॅलरीत एक खोका ठेवलाय. फुटकं काही असलं की वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळतो, सुतळी बांधतो आणि वर लाल पेनने लिहितो, "काच आहे. जपून." वरच्या दोन मजल्यांवर जाऊन त्यांनाही सांगून आला. संध्याकाळी मी विचारलं, काडी टाकलीस का? म्हणाला, "अरे हो, विसरलोच."

धाकटीला नेम सापडलाय. वरच्या मजल्यावरच्या आजी वाकळ शिवतात, नजर अधू झाल्याने सुईत दोरा ओवता येत नाही. ही शाळेतून आली की वर जाते आणि दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. दोऱ्याचं टोक आधी ओठांत धरून ओलं करते, जीभ बाहेर काढून एक डोळा मिटते. पाच वर्षांचं पोर! आजी म्हणतात, दिवसभर सुया पुरतात आता.

पण शनिवारी थोरल्याने हिला ढकललं. कपाळाला टेंगूळ आलं. रात्री मी स्वयंपाकघरातून आले तर हा पेटीपाशी बसून मूठभर पिंजर काढून कागदात गुंडाळत होता. "मी वाईट वागलो, म्हणून बाळाचं अंथरूण कमी." मला काय बोलावं सुचेना. मी ते काढू द्यावं का?

पाळकांची_लेक | ९ डिसेंबर

नको, ताई! अजिबात काढू देऊ नका. टिपरवाल्या दादांसाठी त्याने केलं ते झालंय, ते ढकलण्याने पुसलं जात नाही. आणि ढकललं ते काडी काढून भरून निघत नाही, ते बहिणीशी बोलूनच मिटवावं लागेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. त्याला जवळ घेऊन सांगा की पेटी अर्धी राहिली तरी बाळ येणार आहे. अगदी रिकामी राहिली तरी येणार आहे. बेथलेहेमात कुणी चांगलं वागून त्याला बोलावलं नव्हतं. आपण अंथरूण घालतो ते त्याच्यावर माया आहे म्हणून. मुलांच्या मनात हे उलटं बसलं तर त्यांना देव म्हणजे हजेरी घेणारा मास्तर वाटायला लागतो. मी तशी वाढलेय. ते मनातून काढायला मला फार वर्षं लागली.

जुना_बुधवार | १० डिसेंबर

आईचा नेम एकदा मोडला होता, मला ताप होता तेव्हा. दुसऱ्या दिवशी ती काकींकडे नेहमीसारखी गेली. दोनदा गेली नाही, प्रायश्चित्तही घेतलं नाही. "काल आले नाही, पोराला बरं नव्हतं," म्हणाली, बस्स.

सुगंधा_शाहूपुरी | १० डिसेंबर

दोघांनाही मनापासून धन्यवाद. आम्ही दोघांनी मिळून ते पिंजर परत पेटीत घातलं. नंतर तो बहिणीच्या अंथरुणापाशी गेला आणि टेंगळाला फुंकर घालत बसला. ती झोपली होती.

सुगंधा_शाहूपुरी | २६ डिसेंबर

नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना! काल दिवसभर पाहुणे होते, आज निवांत बसलेय.

पेटी पाऊण भरली. मध्यरात्री उपासनेहून आल्यावर धाकटीने बाळाची मूर्ती ठेवली, पिंजरात हात घालून खड्डा केला आणि वर माझ्या साडीचा तुकडा पांघरला. नवऱ्याच्या भावाने फोन उचलला नाही. तीनदा केला. चौथ्यांदा वहिनींनी उचलला आणि "नाताळच्या शुभेच्छा" एवढंच बोलणं झालं. नवऱ्याने त्या रात्री एक काडी टाकली, कुणी बघत नाही असं समजून.

आणि तो स्वेटर. थोरल्याने २० तारखेला आपण होऊन कपाटातून काढला, घडी घालून मावशींच्या हातात दिला. त्यांच्या लेकीने घालून बघितला तर तिलाही बाह्या अपुऱ्या! वर्षभरात ती केवढी उंच झालीय. त्याचा चेहरा एवढासा झाला. थोड्या वेळाने तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "तुला कुठला रंग आवडतो?" ती म्हणाली हिरवा. मग आम्ही चौघं, मावशी, ती, तो आणि मी, महाद्वार रोडला गेलो. तिने पाच-सहा स्वेटर अंगाला लावून बघितले, घाई केली नाही. तो प्रत्येक वेळी म्हणत होता, "याची बाही बघ आधी."

पिंजराचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. केरात टाकवेना. आज पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन एका म्हशीपुढे ठेवलं. म्हैसवाले काका म्हणाले, कशाचं आणलंय? थोरला म्हणाला, गव्हाणीतलं. म्हशीने दोन मिनिटांत फस्त केलं. मुलं उभी राहून बघत होती.

शिरोळचा_ऊस | २७ डिसेंबर

यंदा पेंड्या बांधून ठिवतो तुमच्यासाठी. पुढच्या साली भावाला त्रास देऊ नका. आणि पोरास्नी घेऊन फडावर या एक दिवस, माझी धाकटी रेडियम लावायला शिकवंल.

राजारामपुरीकर | ४ जानेवारी २०२५

आम्ही यंदा गेलो नाही. आज त्या संस्थेला फोन करून विचारलं, काय लागतं. बाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, दप्तरांच्या चेनी तुटल्यात, गणवेशांना बटणं नाहीत, आणि संध्याकाळी मुलांशी खेळायला कुणी नसतं. वसतिगृहातला, तुम्ही याल का बरोबर?

वसतिगृहातला | ४ जानेवारी

येतो.

सुगंधा_शाहूपुरी | ५ जानेवारी

आम्ही पण. वरच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, त्याही येते म्हणाल्या, वाकळ शिवून हात बसलाय त्यांचा. सुया धाकटी ओवणार.

मग ८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी तीन. त्यानंतर दर महिन्याचा दुसरा शनिवार, ज्यांना नेमाने जमेल त्यांनीच नाव द्या. खाऊ आणायचा नाही. दोरे पांढरे आणि खाकी, बटणं चार भोकांची, दप्तराच्या चेनी मोठ्या मापाच्या. कुणाकडे भोवरे असतील तर तेही आणा.